निगडीच्या पुडीत मी काय मिसळलं

आते,

तुझा डावा हात मी मोडला.

एवढं एक वाक्य सहा वर्षं माझ्या तोंडात अडकून होतं. तू समोर बसून वाकड्या मनगटानं चाचपत तांदूळ निवडायचीस आणि मी विचारायचो, "चहा ठेवू का गो?" तुला जाऊन आज अकरा दिवस झाले. तालुक्याच्या साप्ताहिकाचा माणूस मागे लागलाय; नवा आहे, त्याला जुनं काही माहीत नाही. सोमा, तू लिहिता-वाचता आहेस, शहापूरला मेडिकलमध्ये कामाला आहेस, आत्याबद्दल चार चांगले शब्द लिहून दे, सोबत एक फोटो दे. चार चांगले शब्द मी दोनदा लिहिले आणि दोनदा फाडले. त्यात तू मायाळू होतीस असं आलं होतं. तू मायाळू नव्हतीस. तुझ्या हातचा मी जेवढा मार खाल्ला तेवढा गोठ्यातल्या बैलानंही खाल्ला नसेल.

सरणावर ठेवताना तुझा तो हात अंगाला लागून राहीना. मनगटापाशी हाड वाकडं जुळलेलं, पंजा बाहेर वळलेला. मी तो दाबून सरळ करायला लागलो. तुझ्या सासरचे चंदरकाका म्हणाले, "ऱ्हाऊ दे रे, आता काय तिला दुखतंय का?" मी तरी दाबत राहिलो. लोकांना वाटलं, भाचा दुःखानं वेडा झालाय.

चांगलं लिहायचं तर मारापासूनच सुरुवात करावी लागेल. मी आठेक वर्षांचा होतो. दिवाळी झाली की आई-बाप भिवंडीकडे वीटभट्टीवर जायचे आणि मला आटगावच्या पुढं, तानसा धरणाच्या रस्त्यावरच्या तुझ्या पाड्यावर टाकून जायचे. तुझ्या टोपलीतला बिब्बा मी गंमत म्हणून एका पोराच्या पाठीवर चोळला. संध्याकाळपर्यंत त्याच्या पाठीवर फोडच फोड. तू मला ओरडली नाहीस. बिब्बा सुईला टोचलास, दिव्यावर धरलास, माझा हात गुडघ्याखाली दाबलास आणि उकळतं काळं तेल माझ्या करंगळीवर एक थेंब सोडलास. मी गुरासारखा ओरडलो. तू हात सोडला नाहीस.

"कळला? ह्योच थेंब तुझ्या बापाची टाचेची भेग बुजवतो. आन् ह्योच कातडी सोलून काढतो. औषध हाय म्हणून काय ते गरीब असतं नाय."

करंगळीचं कातडं उतरलं. मग महिनाभर तूच खोबरेल लावत बसायचीस आणि मला शिव्या द्यायचीस. दवाखान्याच्या दुनियेत मी एवढी वर्षं काढली, पण औषधाबद्दल याहून खरं मला कोणी शिकवलं नाही. आणि शिकून मी काय केलं तेच आज सांगतोय.

लोक तुला झाडपाल्याची बाई म्हणायचे. पण तू झाडपाल्याची भोळी कधीच नव्हतीस. लावणीच्या दिवसांत घोणस चावलेल्या एका बाईला तुझ्या ओट्यावर आणलेलं मला आठवतंय. पाय मांडीपर्यंत सुजलेला, हिरड्यांतून रक्त. तिचा नवरा हात जोडून म्हणाला, "पाला लाव आत्या, मंतर टाक." तू त्याच्या कानाखाली अशी वाजवलीस की त्याची टोपी चिखलात पडली.

"माझ्याकडं घोणशीचं काय नाय! जीपवाल्याला हाक मार, शहापूरला ने. इथं अजून येक घटका बसलास तर तूच तुझ्या बायकोला मारलीस म्हणून मी बोंब मारीन!"

बाई वाचली. पुढं तो नवरा कोंबडा घेऊन आला तेव्हा तू म्हणालीस, "मला कशाला? त्या सुईवाल्या डॉक्टरला दे." सगळे हसले. ते गेल्यावर मी तुला विचारलं, तू त्याला मारलंस कशाला? तू चुलीत फुंकर घालत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "तुझ्या मामांना चावली तवा मी पाला लावत बसले होते. सकाळधरून दुपारपर्यंत. लोक म्हणत होते, हिरी हाय ना, मग कशाला गाडी."

तुझ्या नवऱ्याबद्दल तू एवढंच बोललीस, आयुष्यात एकदा. तेव्हा मला वाटलं, तू किती कठोर आहेस. आता वाटतं, तुला माझं सगळं आधीच माहीत असणार. एखाद्याच्या हातून माणूस गेल्यावर तो कसा चालतो, कसा जेवतो, हे तुला आतून माहीत होतं. माझी चाल बदललेली तुला दिसली नसेल, असं कसं होईल?

चाल बघणं हीच तर तुझी परीक्षा. गुडघेदुखीचा माणूस आला की तू ओट्यावरून हलायची नाहीस. तो अंगणाच्या टोकापासून पायरीपर्यंत कसा येतो ते बघायचीस, मगच पुडी. निगडीचा सावलीत वाळवलेला पाला, सुंठ, एरंडाच्या मुळाची साल. दुकानात याच निगडीला आम्ही निर्गुडी म्हणतो, तिचं तेल बाटलीत विकतो. तुझे नियम दोन. माणूस डोळ्यानं बघितल्याशिवाय पुडी द्यायची नाही. आणि पहिली चिमूट आजाऱ्यासमोर स्वतःच्या जिभेवर ठेवायची, मग त्याच्या हातावर. "माझ्या तोंडात गेल्याबिगर दुसऱ्याच्या तोंडात नाय." सासूनं घालून दिलेला नियम, तू एकदाही मोडला नाहीस.

तुझ्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, माणूस दिसायचा पण पाल्यातली काडी दिसेना, तेव्हा पाला कुटायचं काम माझ्याकडे आलं. रविवारी सुट्टीला मी यायचो, उखळात कुटायचो, फडक्यानं गाळायचो, कागदाच्या पुड्या बांधायचो. त्या सुमारास तुझ्याकडे माणसं येईनाशी झाली होती. तुझं औषध महिनाभर घ्यायचं, आंबट बंद, वांगं बंद, रात्रीचा भात बंद, आणि गुण यायचा तो हळूहळू, थोडा. रस्त्याला इंजेक्शन देणारे बसले होते, त्यांच्याकडे माणूस लंगडत जायचा आणि ताठ परत यायचा. एका बाजाराच्या दिवशी भाजी घेताना माझ्या पाठीमागं एक बाई दुसरीला म्हणाली, "हिरीची पुडी? ती घ्या नायतर चुलीतली राख घ्या, सारखंच." दोघी हसल्या.

ते हसणं माझ्या डोक्यात गेलं. मी नफ्यासाठी केलं असतं तर आज सोपं झालं असतं, लोकांना कळलं असतं. तू तर पुडीला नारळाखेरीज काही घेत नव्हतीस. मला तुझा ओटा पुन्हा भरलेला बघायचा होता. ती हसणारी बाई तुझ्या पायरीवर हात जोडून बसलेली बघायची होती.

मेडिकलमध्ये एक छोटी पांढरी गोळी असते, रोज माझ्या हाताखालून जायची. सूज उतरवते, दुखणं बसवते, भूक लावते. दम्याच्या माणसाचा जीव तीच वाचवते, तिला नावं ठेवायची नाहीत मला. पण तिचा एक कडक नियम आहे. बरेच दिवस घेतली की ती एकदम बंद करायची नाही, डॉक्टर सांगेल तशी उतरवत न्यायची. कारण शरीर स्वतःचं काम तिच्यावर सोपवून झोपी गेलेलं असतं. हे वाक्य मी गिऱ्हाइकांना बोट वर करून सांगायचो. पाठ होतं मला.

त्या गोळ्या मी तुझ्याच उखळात कुटल्या, आते. निगडीत मिसळल्या, फडक्यानं गाळल्या, पुड्या बांधल्या.

ती बाजारातली बाई दुसऱ्या आठवड्यात स्वतःहून आली. तिच्या नणंदेला चौथ्या दिवशी पाय मोकळा झाला होता. मग रांग लागली. लोक शेणवापासून, खर्डीपासून यायला लागले. तू पदर खोचून ओट्यावर बसायचीस, एकेकाची चाल बघायचीस, आणि तुझ्या चेहऱ्यावर जे यायचं त्यासाठी मी अजून काहीही कुटलं असतं.

एका रविवारी तू चिमूट जिभेवर ठेवलीस आणि थांबलीस.

"कडू लागतं रे आज."

"पानं जून असतील."

"निगडीचं कडू ऱ्हातं नाय. ह्ये मागं, घशाशी ऱ्हातं."

"तुझी जीभ म्हातारी झाली गो आते."

समोर बसलेला माणूस हसला. तूही हसलीस. "असंल बाबा. डोळं गेलं, आता जिभेचा नंबर." आणि त्याच्या तळहातावर तू चिमूट ठेवलीस.

आयुष्यभर तू कोणाचं ऐकलं नाहीस. त्या दिवशी स्वतःच्या जिभेपेक्षा माझ्यावर भरवसा ठेवलास.

काळूराम त्याच दिवसांतला. टोकावड्याच्या अलीकडे, माळशेजच्या रस्त्यावर एका ढाब्यात तो आचारी होता. बारा-बारा तास भट्टीपुढं उभा राहून गुडघे गेलेले. एकदा आला, तू त्याची चाल बघितलीस, पुडी दिलीस आणि बजावलंस, महिन्यानं परत दाखवायला ये. त्याला सुट्टी मिळेना. मी म्हटलं, मी पोचवतो. मोटरसायकलवरून मुरबाडमार्गे मी त्याला पुड्या नेऊन द्यायचो, चार महिने. तुला सांगायचो, काळूराम येऊन गेला, तू आटगावला गेली होतीस तेव्हा. तुझा पहिला नियम मी असा मोडला. तुला न कळता, तुझ्याच नावानं.

काळूराम खूश होता. भट्टीपुढून झारा हलवत ओरडायचा, "आला आमचा डॉक्टर!" त्याचा चेहरा भरला होता, गोल, लालसर, गाल वर आलेले. ढाब्यावरची पोरं त्याला नवरदेव म्हणायची. तो गाल फुगवून दाखवायचा, "आत्याच्या पाल्यानं मास चढलंय, बायको म्हणती फोटो काढ." ते मांस नव्हतं. ती गोळी महिनोन्महिने घेणाऱ्याचं तोंड असंच होतं, कंपनीच्या कागदात लिहिलेलं असतं. ते तोंड माझ्यासमोर हसत होतं आणि मी त्याच्याकडून भज्यांची प्लेट घेऊन खात होतो.

मग दुकानाच्या मालकाला त्या गोळ्यांच्या पट्ट्या कमी पडतायत असं जाणवलं. त्यानं ते कपाट कुलपात घातलं. मी घाबरलो. पुढच्या रविवारी काळूरामला नेऊन दिल्या त्या पुड्या निव्वळ तुझ्या होत्या. निगडी, सुंठ, एरंड. ओट्यावर येणाऱ्या बाकीच्यांचं औषध महिन्याच्या आत संपायचं, सलग चार महिने ती गोळी फक्त त्याच्याच पोटात गेली होती. मनाशी म्हटलं, चार दिवस दुखेल, मला शिव्या घालेल, मग बघू.

पाचव्या दिवशी त्याला ओकाऱ्या सुरू झाल्या. आठव्या दिवशी उठता येईना, अंग गार. दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, कसलं औषध चालू आहे? त्याच्या बायकोनं तुझी पुडी पुढं केली. डॉक्टरांनी ती उघडली, हुंगली. आत पालाच होता. त्यांना दुसरं काय दिसणार? दुपारी काळूराम गेला.

दुसऱ्या दिवशी दोन टेम्पो भरून माणसं आली. मी शहापूरहून जीपनं उतरलो तेव्हा आवाज रस्त्यापर्यंत येत होता. तुझ्या पाल्याच्या टोपल्या अंगणात उपड्या पडल्या होत्या आणि लोक त्यावर नाचत होते. तुला त्यांनी केसांना धरून ओट्यावरून खाली ओढलं होतं. लुगडं फाटलेलं. कोणीतरी तुझ्या तोंडात मूठभर पाला कोंबत होतं, "खा! तू खा, भुताळे, तू खा!" काळूरामचा मुलगा संतोष, तेव्हा विशीतला, लाकडाच्या दांडक्यानं तुझ्या कुशीत मारत होता. प्रत्येक वेळी असा आवाज यायचा की मला उखळ आठवायचं. तू ओरडत नव्हतीस. पाल्याचा तोबरा भरलेला, ओरडणार कशी.

गर्दीतून कोणी तरी मला बघितलं. "ह्यो तिचा भाचा! ह्योच पुड्या आणायचा!"

सगळे वळले. संतोष वळला. त्याचं दांडकं माझ्याकडे आलं.

आते, इथं मी काय केलं ते अंगणातल्या शंभर माणसांनी बघितलं, पण खरं फक्त आपण दोघांनीच बघितलं. उखळाशेजारी मुसळ पडलं होतं. मी ते उचललं. तुझ्यापाशी गेलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा ओरडलो, "काय घातलंस तू त्यात? काय दिलंस तू त्याला?" तू डावा हात वर केलास. मारायला नाही, डोळ्यांवरचं रक्त पुसायला. मी मुसळ घातलं. हाड मोडल्याचं मला हातात कळलं.

तू तोंडातला पाला थुंकलास. माझ्याकडे बघितलंस. त्या नजरेत राग असता तर मी जगलो असतो. तू गर्दीकडे वळून म्हणालीस, "मीच दिलं. माझ्याच हातचं हाय. ह्या पोराला काय म्हाईत नाय."

मार थांबला. एक जण माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "आपल्या रक्ताच्या माणसाविरुद्ध उभा राहिलास, मानलं." पोलीस आले तेव्हा तू जबाब दिलास, ओट्यावरून पडले. दोन बरगड्या आणि एक मनगट, ओट्यावरून.

तुझ्याशी माझं भांडण आहे ते इथं आहे, आते. मला तुझा राग येतो. तुला कोणी सांगितलं होतं मला वाचवायला? तू त्या दिवशी माझं नाव घेतलं असतंस तर मी तिथंच मेलो असतो, किंवा तुरुंगात गेलो असतो, आणि तुझा ओटा राहिला असता. त्याऐवजी पुढं सहा वर्षं तुझी पायरी कोणी चढलं नाही. पाड्यावरच्या बायका पोरांना तुझ्या सावलीपासून ओढून न्यायच्या. परसातली निगडी छपरापर्यंत वाढली, तिला कोणी हात लावीना. तू एकदाही विचारलं नाहीस, सोमा, त्यात काय होतं? मी वाट बघायचो. तू विचारशील तर सांगेन, असं ठरवून दर रविवारी यायचो. न विचारून तू मला मारत राहिलीस. दांडक्याचा मार त्यापुढं काहीच नाही.

हे लिहिताना कळतंय की मी पुन्हा तुझ्यावरच ढकलतोय.

शेवटच्या पंधरवड्यात तुला छातीत कफ झाला तेव्हा डॉक्टरांच्या गोळ्या मी द्यायचो. तू कोणाच्या हातून पाणीही घेत नव्हतीस, माझ्या हातून मात्र घ्यायचीस. पाखराच्या पिलासारखं तोंड उघडायचीस. कोणती गोळी, कशाची, कधीच विचारलं नाहीस, जिभेवर थांबवलीही नाहीस, सरळ गिळायचीस. मी बाहेर जाऊन भिंतीवर डोकं आपटायचो. एकदा आत आलो तर तू म्हणालीस, "त्या काळूरामाची बायको कशी हाय रे?"

"बरी असंल."

"जाऊन ये येकदा."

बस. पुन्हा तू त्यावर बोलली नाहीस.

तू गेल्यावर सहाव्या दिवशी मी टोकावड्याला गेलो. संतोष आता बापाच्या जागी भट्टीपुढं असतो. मला बघून त्याचा चेहरा उजळला. सहा वर्षं मी त्याच्यासाठी चांगला माणूस होतो ना. "ये सोमादादा, बस. म्हातारी गेली म्हणं? सुटला तू." भजी तळत होता. मी उभ्यानंच सांगितलं. गोळी, कुलूप, चार महिने, निव्वळ पाला, मुसळ. सगळं एका दमात.

आधी तो हसला. मग त्याचा हात थांबला. कढईतली भजी काळी पडायला लागली.

"मंग मी कोणाला मारली रे?"

मी कढई उतरवायला पुढं झालो.

"सोमादादा, मी कोणाला मारली?"

तेलातला झारा त्यानं तसाच माझ्या कानावर मारला. कातडं झाऱ्याला चिकटलं. मग त्यानं मला बाकड्यावर पाडलं, खाली पाडलं, लाथा घातल्या, पोटात, तोंडावर, दोन दात गेले. मी हात वर केला नाही. ट्रकवाल्या दोघांनी त्याला ओढलं तेव्हा तो दमला होता. बाजूच्या पोत्यावर बसून धापा टाकत म्हणाला, "कोणाला सांगितलंस?"

"नाय. तुलाच पहिलं."

तो जवळ आला. मला वाटलं अजून मारेल. त्यानं माझे पाय धरले. "नको सांगू. माझ्या आयेला नको सांगू दादा. ती अजून पावण्यांना सांगते, माझ्या पोरानं बापाचा बदला घेतला. आम्ही त्या म्हातारीच्या तोंडात पाला कोंबलेला. नको सांगू. ऱ्हाऊ दे ना असंच. ती गेली ना आता."

परत येताना बराच वेळ मला त्याचंच खरं वाटत होतं. तू गेलीस, तुला आता कोणी भुताळी म्हणालं काय आणि नाही म्हणालं काय. एका पोराचं आयुष्य कशाला जाळायचं? कान सुजला होता, तोंडात रक्त होतं, शिक्षा झाली असंही वाटत होतं. मुरबाड येईपर्यंत मी ठरवूनही टाकलं होतं. मग लक्षात आलं, मी पुन्हा एकदा माणसाच्या आड उभा राहतोय. तेव्हा तुझ्या आड होतो, आता संतोषच्या.

काल तुझा दहावा झाला. नदीवर पन्नासेक माणसं होती, त्यातली बहुतेक तुझ्या ओट्याला सहा वर्षांत फिरकली नव्हती. मेलेल्याच्या दहाव्याला मात्र सगळे येतात. तुला मूलबाळ नाही, अग्नी मी दिला होता, म्हणून आपल्यातल्या रीतीप्रमाणं पहिलं मुंडण माझं. न्हाव्यानं पाट टाकला, वाटीत पाणी घेतलं. मी पाटावर बसायच्या आधी बोललो. कागद नव्हता. जे संतोषला सांगितलं तेच सांगितलं. हिरीआत्याच्या पुडीत विष नव्हतं. जे होतं ते मी घातलं. तिचा हात मी मोडला.

मग चंदरकाका उठले. तुझ्या सासरच्या भावकीतले ते सगळ्यात मोठे, आणि सहा वर्षांपूर्वी तुझ्या घराशी येणं-जाणं तोडायला सांगणारेही तेच. त्यांनी पायातली चप्पल काढली आणि माझ्या तोंडावर मारली. दुसरी भाजलेल्या कानावर बसली. तिसरी मारता मारता ते रडायला लागले आणि चप्पल त्यांच्या हातून पाण्यात गेली.

मी पाटाकडे वळलो.

"उठ," काका म्हणाले. "तिच्या नावानं तुझा येक केस खाली पडायचा नाय."

मी बाजूला झालो. पाट रिकामा. न्हावी एकेकाकडे बघत होता. जो तो शेजारच्याकडे बघत होता. कोणाला पुढं व्हायचं धाडस होईना, आणि का होईना ते प्रत्येकाला माहीत होतं.

मागून कोणी तरी गर्दी सारत आलं. संतोष. त्याला कोणी बोलावलं नव्हतं. तो कधी आला, त्यानं किती ऐकलं, माहीत नाही. शर्टाची बटणं काढतच पुढं आला.

"तिच्या दोन बरगड्या माझ्या हातच्या हायेत," तो म्हणाला. "मला बसू द्या."

"तू तिचा कोण?" काकांनी विचारलं.

"कोण नाय."

न्हाव्यानं काकांकडे बघितलं. काकांनी तोंड नदीकडे फिरवलं. न्हाव्यानं पाण्यात बोटं बुडवली आणि संतोषचं डोकं भिजवायला सुरुवात केली. त्याचे काळेभोर केस ओल्या दगडावर पडत होते आणि तो गुडघ्यांत तोंड घालून असा हुंदके देत होता की न्हाव्याला वस्तरा दोनदा उचलावा लागला. पिंडही त्यानंच ठेवला.

माझे केस डोक्यावर तसेच आहेत, आते. काल संध्याकाळी दुकानात गेलो तर मालक म्हणाला, "अरे, आत्या गेली ना तुझी? मग हे काय?" मी त्याला सांगितलं. कपाटातल्या पट्ट्या कुठं गेल्या तेही सांगितलं. त्यानं दुकानाच्या किल्ल्या मागून घेतल्या. आज सकाळपासून आणखी तिघांनी विचारलं. जीपवाल्यानं, चहावाल्यानं, आणि गुडघ्याचं औषध घ्यायला निघालेल्या एका म्हाताऱ्या बाईनं. तिघांनाही सांगितलं.